पौंडास पौंड : मुष्टियोद्ध्यांच्या श्रेष्ठत्वाचा वाद



मुष्टियुद्धाचे चार शौकीन एकत्र बसले की एक वाद हमखास निघतो आणि तो कधीही मिटत नाही. सर्व वजनांतील आणि सर्व काळांतील मुष्टियोद्ध्यांमध्ये श्रेष्ठ कोण? विचारणाऱ्याला पक्के ठाऊक असते की, ज्या दोघांची तुलना तो करू पाहतो ते कधीही समोरासमोर उभे राहणार नाहीत. एक पन्नास किलोंचा, दुसरा शंभर किलोंचा. त्यांना एकाच रिंगणात उतरविणे म्हणजे धडधडीत अन्याय. तरीही प्रश्न विचारला जातो, आणि मला वाटते की तो विचारला गेलाच पाहिजे. या प्रश्नाला इंग्रजी बोलणाऱ्या जगात ‘पाउंड फॉर पाउंड’ असे नाव आहे. आपण त्याला ‘पौंडास पौंड’ म्हणू. आपल्याकडे ‘शेरास सव्वाशेर’ म्हणतात. पण त्या म्हणीतला शेर वजनाचा असला तरी अर्थ वजनाचा नाही, आणि पुढे दिसेल की ‘पौंडास पौंड’ या शब्दांचेही नेमके तसेच आहे.

आपल्या जुन्या आखाड्यांत वजनाचे गट नव्हते. गामा पैलवान उंचीने बेताचाच होता आणि रहीम बक्ष सुलतानीवाला त्याच्यापेक्षा कितीतरी उंच होता. तरी त्यांची कुस्ती लागली, आणि लोकांनी ती वर्षानुवर्षे आठवणीत ठेवली. कुस्तीत हे काही अंशी खपून जाते. मुष्टियुद्धात प्रहार डोक्यावर होतो, आणि प्रहाराचा जोर देहाच्या वस्तुमानातून येतो. म्हणून तेथे गट पाडणे भागच होते. लंडनच्या नॅशनल स्पोर्टिंग क्लबने १९०९ साली आठ वजनगट निश्चित केले. सर्वांत खाली ११२ पौंडांचा फ्लायवेट, म्हणजे सुमारे ५१ किलो. मग ११८ चा बँटमवेट, १२६ चा फेदरवेट, १३५ चा लाइटवेट, १४७ चा वेल्टरवेट, १६० चा मिडलवेट, १७५ चा लाइट हेवीवेट आणि त्यापुढे कसलीही मर्यादा नसलेला हेवीवेट.

या व्यवस्थेने लहान माणसाचा जीव वाचविला. पण त्याला कीर्ती मात्र मिळवून दिली नाही. ‘जगज्जेता’ हा शब्द उच्चारला की लोकांच्या डोळ्यांपुढे हेवीवेटचाच जगज्जेता उभा राही. पैसा त्याचा, वृत्तपत्रांचे मथळे त्याचे. फिलिपाइन्सच्या पान्चो व्हिलाने १९२३ साली न्यूयॉर्कमध्ये फ्लायवेटचे जगज्जेतेपद जिंकले आणि दोनच वर्षांनी, वयाच्या तेविसाव्या वर्षी, दाताच्या दुखण्यातून पसरलेल्या विषबाधेने तो मरण पावला. आज त्याचे नाव त्याच्या देशाबाहेर किती जण सांगू शकतील? त्याच काळातील हेवीवेट जॅक डेम्प्सी मात्र मुष्टियुद्धाशी ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशांनाही ठाऊक आहे. ‘पौंडास पौंड’ ही कल्पना या विषमतेतून जन्मली. लहान देहाच्या माणसाला आपले गाऱ्हाणे मांडता येईल असे न्यायालय मुष्टियुद्धात दुसरे नाही. म्हणूनच तेथील न्याय कोणत्या पुराव्यावर व्हावा, हा प्रश्न निव्वळ करमणुकीचा नाही.

प्रथम या शब्दांचा सरळ अर्थ घेऊन पाहू. माणसाच्या सामर्थ्याला त्याच्या वजनाने भागावे आणि भागाकार ज्याचा मोठा तो श्रेष्ठ, असे म्हणता येईल काय? गॅलिलिओने १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात लिहून ठेवले आहे की, लहानसा कुत्रा स्वतःएवढी दोन-तीन कुत्री पाठीवर वाहून नेऊ शकेल, पण घोड्याला स्वतःएवढा एक घोडाही वाहता येणार नाही. कारण साधे आहे. देह सर्व बाजूंनी दुप्पट केला तर स्नायूंच्या छेदाचे क्षेत्रफळ चौपट होते आणि वजन आठपट होते. बळ पहिल्याबरोबर वाढते, ओझे दुसऱ्याबरोबर.

भारोत्तोलनात हे उघड दिसते. तुर्कस्तानच्या नईम सुलेमानओग्लूने १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये ६० किलो वजनगटात १९० किलो डोक्यावर उचलले. म्हणजे स्वतःच्या वजनाच्या तिपटीहून अधिक. जॉर्जियाच्या लाशा तालाखाद्झेने २०२१ साली २६७ किलोंचा विश्वविक्रम केला, पण त्याचे स्वतःचे वजन दीडशे किलोंच्या बरेच वर होते, त्यामुळे त्याचे प्रमाण दुपटीलाही पोहोचत नाही. सरळ भागाकार केला तर पहिला क्रमांक नेहमी लहान माणसाचाच येणार; निसर्गच त्याच्या बाजूने आहे. म्हणून भारोत्तोलनवाल्यांनी सरळ भागाकार सोडून सिंक्लेअर गुणांकासारखे हिशेब बसविले. त्यांना ते जमले, कारण त्यांच्यापाशी लोखंड आहे आणि लोखंडाचे वजन कोणाच्याही हातात तेवढेच भरते. मुष्टियुद्धात लोखंडाच्या जागी दुसरा माणूस असतो, आणि तो दर वेळी निराळा असतो. येथे गुणांक कशाचा काढणार?

सबब या शब्दांचा दुसरा अर्थ घेतला जातो, आणि बहुतेक वाद याच अर्थाने चालतात. सर्व योद्धे एकाच वजनाचे आहेत अशी कल्पना करा आणि मग कोण जिंकेल ते सांगा. ऐकायला ही कल्पना निर्दोष वाटते. वस्तुतः ती फार फसवी आहे, कारण योद्ध्याची कला त्याच्या देहापासून वेगळी काढता येत नाही. ११२ पौंडांच्या माणसाच्या मुठी इतक्या वेगाने चालतात याचे कारण तो ११२ पौंडांचा आहे. त्याला २०० पौंडांचा केल्यावर तो वेग तसाच ठेवायचा आणि बळ मात्र २०० पौंडांचे द्यायचे, हा पक्षपात झाला. उलट, हेवीवेटचा एकच ठोसा सामना संपवू शकतो. ही धास्ती प्रत्येक क्षणी असल्याने त्या गटात माणसे जपून, हात राखून खेळतात. त्या हेवीवेटला आकुंचित करून फ्लायवेटच्या रिंगणात सोडले, तर ज्या सावधपणाचे आपण कौतुक करीत होतो तोच त्याचा मंदपणा ठरेल. गंमत अशी की, ‘द रिंग’ या १९२२ पासून निघणाऱ्या अमेरिकन मासिकाने १९८९ च्या सुमारास या प्रकारची नियमित क्रमवारी सुरू केली तेव्हा पहिल्या स्थानी होता माइक टायसन, म्हणजे हेवीवेटच. लहानांसाठी उघडलेल्या न्यायालयात पहिला निकाल थोराच्या बाजूने लागला. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोला बस्टर डग्लसने टायसनला खाली पाडले, आणि मग ते स्थान मेक्सिकोच्या हुलिओ सेझार चावेझकडे गेले.

माझे म्हणणे असे की, कल्पनेतल्या वजनकाट्यावर निकाल देऊ नये. खऱ्या वजनकाट्याकडे पाहावे. कोणी, कोणाशी, किती पौंडांचे न्यून पत्करून, कोणत्या परिस्थितीत लढत दिली आणि काय झाले, याला लेखी पुरावा आहे. हा पुरावाही सरळ नसतो, हे शुगर रे रॉबिन्सनच्या उदाहरणावरून ध्यानात येईल.

‘पौंडास पौंड’ हे विशेषण रॉबिन्सनच्या आधीही इतरांना लावले गेले होते. पण चिकटले ते त्याला. १९४३ च्या फेब्रुवारीपर्यंत तो व्यावसायिक लढतींत अपराजित होता. ५ फेब्रुवारीला डेट्रॉइट येथे जेक लामोटाने त्याला हरविले. त्या रात्री रॉबिन्सन सुमारे १४५ पौंडांचा होता आणि लामोटा सुमारे १६० पौंडांचा. हा पराभव कोणत्या बाजूला लिहायचा? नोंदवहीत तो पराभव म्हणूनच राहील. परंतु वेल्टरवेटच्या माणसाने भरभक्कम मिडलवेटशी दहा फेऱ्या झुंज दिली आणि तीनच आठवड्यांनी त्याच माणसाला हरविले, हे एकत्र वाचले म्हणजे त्या पराभवाचा रंग बदलतो. दोघे एकूण सहा वेळा लढले. पाच वेळा रॉबिन्सन जिंकला. १४ फेब्रुवारी १९५१ रोजी शिकागो येथे, लामोटा मिडलवेटचा जगज्जेता असताना, तेराव्या फेरीत पंचांना लढत थांबवावी लागली. डेट्रॉइटच्या त्या पराभवापासून जुलै १९५१ मध्ये लंडन येथे रँडॉल्फ टर्पिनने त्याला हरवीपर्यंत, आठ वर्षांहून अधिक काळ, नव्वदांहून जास्त लढतींत रॉबिन्सनला कोणी हरवू शकला नाही.

त्यानंतरची एक रात्र मला या वादात सर्वांत महत्त्वाची वाटते. २५ जून १९५२ रोजी न्यूयॉर्कच्या यँकी स्टेडियममध्ये रॉबिन्सन लाइट हेवीवेटच्या जगज्जेतेपदासाठी जोई मॅक्सिमसमोर उभा राहिला. मॅक्सिम त्याच्यापेक्षा पंधरा-सोळा पौंडांनी जड होता. उकाडा असा विलक्षण होता की दिव्यांखाली तापमान शंभर अंश फॅरनहाइटच्या वर गेले होते. दहाव्या फेरीनंतर पंच रुबी गोल्डस्टीन यांनाच तो सोसवेना, आणि त्यांच्या जागी दुसरा पंच आणावा लागला. गुणांत रॉबिन्सन तिन्ही पंचांच्या हिशेबाने पुढे होता. तेराव्या फेरीत त्याचा तोल सुटू लागला. चौदाव्या फेरीसाठी तो आसनावरून उठू शकला नाही. निकाल मॅक्सिमच्या बाजूने. काही जण म्हणतात, रॉबिन्सन उकाड्याकडून हरला, मॅक्सिमकडून नव्हे. मला हे पटत नाही. उकाडा दोघांनाही तेवढाच होता. पण जड माणसाला अंगावर रेलून, मिठीत घेऊन हलक्या माणसाला दमविता येते, आणि हलक्याला मात्र सारा वेळ पायांवर नाचत राहावे लागते. सोळा पौंडांचे मोल त्या रात्री ठोशांत दिसले नाही, श्वासांत दिसले. म्हणूनच तेरा फेऱ्या पुढे राहणे ही मी रॉबिन्सनची मोठी कमाई समजतो, आणि तिला विजय म्हणत नाही.

हेन्री आर्मस्ट्राँगचा पुरावा याहून ठसठशीत आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये त्याने फेदरवेटचे जगज्जेतेपद घेतले, मे १९३८ मध्ये बार्नी रॉसकडून वेल्टरवेटचे, आणि ऑगस्टमध्ये लू अँबर्सकडून लाइटवेटचे. दहा महिन्यांच्या आत तीन मुकुट, आणि तिन्ही एकाच वेळी त्याच्या डोक्यावर. १९४० साली मिडलवेटच्या विजेतेपदाची त्याची लढत बरोबरीत सुटली. हे सारे आठच गट असतानाच्या काळातले.

आज गट किती आहेत? १०५ पौंडांपासून वर मोजत गेले तर सतरा; एका संस्थेने २०२० साली हेवीवेटच्या खाली आणखी एक घातला, तो वेगळा. शिवाय जागतिक पदे देणाऱ्या प्रमुख संस्था चार. सतराला चाराने गुणले की अडुसष्ट पट्टे होतात. फेदरवेट आणि वेल्टरवेट यांच्यामध्ये पूर्वी एकच पायरी होती, आता तीन आहेत. एखादा योद्धा ‘पाच गटांतील जगज्जेता’ म्हणून मिरवितो तेव्हा त्याने किती पौंड ओलांडले आणि पट्टा कोणाच्या कमरेवरून काढून घेतला, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. एझर्ड चार्ल्सला लाइट हेवीवेटच्या जगज्जेतेपदाची संधीच कधी मिळाली नाही. परंतु त्या गटातील थोर योद्धा आर्ची मूर याला त्याने तीनदा लढून तिन्ही वेळा हरविले. पट्टे मोजणाऱ्याला हे दिसणारच नाही.

वजनकाट्याचीही एक लबाडी आहे. पूर्वी वजन लढतीच्या दिवशी होई. १९८० च्या दशकापासून ते आदल्या दिवशी करण्याची प्रथा रुळली. मधल्या वेळात माणूस पाणी पिऊन, जेवून कितीतरी वजन परत मिळवितो. फिलिपाइन्सचा मॅनी पाक्याव १९९८ साली ११२ पौंडांचा जगज्जेता झाला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये अँटोनिओ मार्गारिटोला हरवून त्याने आठव्या गटातील विजेतेपद मिळविले. आदल्या दिवशी काट्यावर दोघांत पाच-सहा पौंडांचेच अंतर होते. रिंगणात उतरताना मार्गारिटो १६५ पौंडांचा होता आणि पाक्याव १४८ पौंडांचा. करारात लिहिलेले वजन आणि अंगावर आलेले वजन यांत इतका फरक पडतो. पाक्यावच्या बाबतीत तो फरक त्याच्या श्रेयाला भर घालणारा आहे; अनेकांच्या बाबतीत नेमका उलट असतो, कारण तथाकथित ‘लहान’ गटात ते प्रत्यक्षात मोठे होऊनच उतरतात.

येथे कोणी अशी शंका काढील की, वजनाची पायरी चढणे हीच कसोटी धरली तर जे चढले नाहीत त्यांचे काय? ही शंका रास्त आहे. मार्व्हिन हॅगलर आयुष्यभर मिडलवेटमध्येच राहिला. जो लुई १९३७ ते १९४९ हेवीवेटचा जगज्जेता होता आणि त्याने पंचवीस वेळा आपले पद राखले. त्याला चढायला वर पायरीच नव्हती. आणि मेक्सिकोचा रिकार्डो लोपेझ! बावन्न लढती, एक्कावन्न विजय, एक बरोबरी. १०५ पौंडांच्या गटात त्याने जवळजवळ एक दशक राज्य केले आणि अखेरीस फक्त १०८ पर्यंत आला. त्याचा डावा हात, त्याचे पायांचे टाकणे, त्याच्या ठोशांची आखीव मांडणी पाहिली की जाणकार थक्क होतात. पण सामान्य प्रेक्षकाने त्याला पाहिलेच नाही, कारण इतक्या लहान माणसांच्या लढतींना पैसा नव्हता. वजन ओलांडण्याचा पुरावा त्याच्यापाशी नाही. त्याच्यासाठी दुसरा पुरावा पाहावा लागतो, तो म्हणजे आपल्याच गटातल्या माणसांपासून तो किती दूर, किती काळ राहिला. माझ्या मते हा पुरावा दुय्यम नाही. मात्र तो तपासायला अधिक अवघड आहे, कारण त्या गटात समोर कोण होते हे आधी ठाऊक असावे लागते.

आणि पायरी चढणे नेहमी स्वेच्छेने होत नाही. मणिपूरच्या मेरी कोम यांनी २०१० पर्यंत पाच जागतिक अजिंक्यपदे मिळविली होती, ती ४५, ४६ आणि ४८ किलो गटांत. २०१२ साली लंडनला स्त्रियांचे मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये प्रथमच आले, तेव्हा गट ठेवले होते तीनच, आणि त्यांतला सर्वांत लहान ५१ किलोंचा. लहान चणीच्या स्त्रीला तेथे उतरायचे तर वजन वाढवूनच उतरावे लागणार. मेरी कोम यांनी कांस्यपदक आणले. उपांत्य फेरीत ज्यांच्याकडून त्या हरल्या त्या निकोला ॲडम्स यांनी सुवर्ण मिळविले. पुढे २०१८ मध्ये मेरी कोम यांनी सहावे जागतिक अजिंक्यपद जिंकले, ते पुन्हा ४८ किलोंतच. तीन किलो म्हणजे ऐकायला काहीच नाही. पन्नास किलोंच्या देहाला तीन किलो म्हणजे सहा टक्के, आणि ते समोरच्या स्त्रीच्या हाडात आणि हाताच्या लांबीत जन्मापासून असतात. लंडनचे ते कांस्य मी त्यांच्या कोणत्याही सुवर्णाहून कमी लेखणार नाही.

पायरी चढणाऱ्यांचे कौतुक करताना एक गोष्ट लपविता कामा नये. रॉय जोन्स मूळचा मिडलवेट. मार्च २००३ मध्ये १९३ पौंडांचा होऊन त्याने २२६ पौंडांच्या जॉन रुइझकडून हेवीवेटचे पद घेतले. बॉब फिट्झसिमन्सने १८९७ साली कॉर्बेटला हरविल्यानंतर मिडलवेटच्या कोणाही माजी जगज्जेत्याला हे जमले नव्हते. जोन्स मग पुन्हा १७५ पौंडांवर उतरला, आणि मे २००४ मध्ये अँटोनिओ टार्व्हरच्या एका ठोशाने दुसऱ्याच फेरीत कोसळला. त्याचे हात तेच होते. देह मात्र तो राहिला नव्हता. त्याने निदान आपला जीव राखला. क्यूबाचा बेनी पॅरेट वेल्टरवेटचा जगज्जेता होता. डिसेंबर १९६१ मध्ये तो वरच्या गटात जाऊन मिडलवेटच्या जीन फुलमरशी लढला आणि दहाव्या फेरीपर्यंत भयंकर मार खाऊन बाद झाला. साडेतीन महिन्यांनी, २४ मार्च १९६२ रोजी, तो आपले वेल्टरवेटचे पद राखायला एमिल ग्रिफिथसमोर उभा राहिला. बाराव्या फेरीत दोरांना टेकलेल्या अवस्थेत त्याच्यावर ठोशांचा वर्षाव झाला, आणि ३ एप्रिलला तो मरण पावला. पहिल्या लढतीचा दुसऱ्या लढतीशी किती संबंध होता हे कोणी सिद्ध करू शकणार नाही. पण आज क्रमवारी करणारे आम्ही लोक ‘हा वरच्या गटात का जात नाही?’ असा टोमणा जेव्हा सहज मारतो, तेव्हा मला पॅरेट आठवतो. जो माणूस आपल्या देहाची मर्यादा ओळखून आपल्याच गटात राहिला त्याचा एकही गुण मी त्यापायी कापणार नाही.

आता तुम्ही मला विचाराल की, तुमचा क्रम कोणता? तो सांगणे मला टाळता येणार नाही.

पहिला रॉबिन्सन. त्याने वजन ओलांडले, चढत्या काळात ओलांडले, उतरत्या काळातही ओलांडले. आणि त्याच्या लढती आपण चित्रफितीवर पाहू शकतो. दुसऱ्या स्थानासाठी मी पुष्कळ काळ स्वतःशीच भांडलो. हॅरी ग्रेब हा १६० पौंडांचा माणूस; सुमारे तीनशे लढती लढला. २३ मे १९२२ रोजी त्याने सुमारे बारा पौंडांनी जड असलेल्या जीन टनीला पंधरा फेऱ्यांत रक्तबंबाळ करून हरविले. टनी पुढे हेवीवेटचा जगज्जेता झाला, डेम्प्सीला दोनदा हरवून निवृत्त झाला, आणि साऱ्या व्यावसायिक आयुष्यात त्याच्या नावावर तो एकच पराभव राहिला. ग्रेबचा एक डोळा त्या काळात जवळपास निकामी झालेला होता. कागदावर हा पुरावा रॉबिन्सनपेक्षाही भारी आहे. परंतु ग्रेबच्या एकाही लढतीची चित्रफीत उपलब्ध नाही. तो कसा लढे हे आपण फक्त वाचू शकतो. न पाहिलेल्या माणसाला मी पहिले आसन देऊ शकत नाही. दुसरे देतो, आणि आर्मस्ट्राँगला तिसरे. चौथा एझर्ड चार्ल्स.

पाचवे स्थान मी वेल्सच्या जिमी वाइल्डला देतो. कोळशाच्या खाणीत राबलेला हा माणूस फ्लायवेटच्या ११२ पौंडांच्या मर्यादेपर्यंतही क्वचितच भरे. १०८ हे त्याचे जेमतेम वजन, आणि त्याने आयुष्यभर आपल्याहून जड माणसांना खाली पाडले. जानेवारी १९२१ मध्ये पीट हर्मन या बँटमवेटच्या माजी जगज्जेत्याने त्याला सतराव्या फेरीत थांबविले, आणि अखेरच्या लढतीत, म्हणजे १९२३ साली, मघाशी उल्लेखिलेल्या पान्चो व्हिलाने. हे दोन्ही पराभव मी हिशेबात धरले आहेत. सहावा लोपेझ. उरलेल्या चार स्थानांबद्दल माझा विशेष आग्रह नाही; पाक्याव, लुई, रोबेर्तो दुरान आणि २०२४ साली टायसन फ्युरीसारख्या धिप्पाड माणसाला दोनदा हरविणारा ओलेक्सांद्र उसिक यांची नावे माझ्या टिपणात आहेत, त्यांचा क्रम तुम्ही लावावा. पण वाइल्ड आणि लोपेझ यांच्यापैकी एकाला खाली ढकलून तेथे कोणी हेवीवेट बसवू पाहील, तर त्याने कारण देताना लढती सांगाव्यात, छातीचे माप नव्हे.